न खाल्लेली साखर

आधीच सांगते, मी त्या रात्री काय बी खाल्लं नव्हतं. गूळ न्हाय, साखर न्हाय, शेंगदाण्याचा दाणा बी न्हाय. दुपारी बाराच्या आत जेवले, त्यानंतर पाणी आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. ज्याला हे पटत न्हाय त्यानं पुढं ऐकू नये, उठून आपल्या कामाला लागावं. माझं डोकं ह्याच गोष्टीवरनं फिरलंय आणि ते अजून जाग्यावर आलेलं न्हाय.

मी मीनाबाई. एसटीत कंडक्टर होते. कोल्हापूर-हुपरी गाडीवर माझी निम्मी नोकरी गेली. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, कॉलेजची पोरं, दारू पिऊन चढलेली माणसं, सगळी मी एका आवाजात सरळ केलीत. पण एक सांगते. तिकीट नसलेला माणूस सापडला तरी मी त्याला आधी विचारायची, "पावणं, तिकीट काढायचं राहिलं का?" खरंच राहिलेलं असतं कित्येकदा. गाडीभर माणसांत एखाद्याला चोर म्हणायला काय लागतंय? तोंड उघडलं की झालं. पण तो माणूस पुढच्या थांब्यावर उतरतो ते खाली मान घालून, आणि ती मान परत वर करायला तुम्ही काय त्याच्या घरी जात न्हाय. एवढं मला कळत होतं. माझ्या पोटच्या पोराला कळलं न्हाय.

आमचं घर कळंब्याला, जेलच्या अलीकडं. घरात चौघं. मी आणि आमचे मालक गणपती, वीज मंडळातनं वायरमन म्हणून रिटायर झालेले, बोलायला महाकंजूस. मुलगा प्रसेनजीत औषध कंपनीत एम.आर. हाय, बॅग घेऊन दवाखाने फिरतो. सून रूपाली बँकेत. प्रसेनजीत आमच्या बुद्धविहार कमिटीचा सेक्रेटरी बी हाय. पोरगं व्यसनी न्हाय, लबाड न्हाय, खरं बोलायला कुणाच्या बापाला भीत न्हाय. मीच तसं वाढवलंय की त्याला. आता बोंबलून काय उपयोग.

आमच्यात आषाढी पौर्णिमेपासनं आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तेवढ्या काळात पौर्णिमेला, अमावास्येला, अष्टमीला आम्ही काही बायका अष्टशील घेतो. पांढरी साडी नेसायची, विहारात बसायचं, ग्रंथ ऐकायचा, आणि दुपारी बारा वाजल्यानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्नाला शिवायचं न्हाय. चोरी करायची न्हाय, खोटं बोलायचं न्हाय, हे तर रोजचंच असतं. म्हणजे बघा, अष्टशील घेतलेल्या बाईनं रात्री चोरून खाल्लं आणि सकाळी न्हाय म्हणून सांगितलं, तर तिनं एका घासात तीन शीलं मोडली. हे जे माझ्या नावावर टाकलं गेलं ते एवढं मोठं होतं.

मला साखर हाय. म्हणजे डायबेटिस. बरीच वर्षं झाली. रोज सकाळी उठल्या उठल्या प्रसेनजीत माझ्या बोटाला सुई टोचतो आणि मशीनवर आकडा बघतो. श्रावण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला दोनशे अठ्ठावीस. आदल्या दिवशी दुपारपासनं माझ्या पोटात अन्न नव्हतं. त्यानं मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लहान पोराला विचारतात तसं मऊ आवाजात विचारलं, रात्री काय खाल्लंस? मी म्हटलं, काय न्हाय. त्यानं परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. तवा तो म्हणाला, "आई, मशीन खोटं बोलत नाही."

मशीन खोटं बोलत न्हाय. मग कोण बोलतं? घरात मशीन सोडून राहिलं कोण? त्या दिवशी मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, बाबा, तुझं मशीन म्हातारं झालंय, माझ्यासारखं. त्यानं नवीन मशीन आणलं. अष्टमीला मी परत शील घेतलं, परत उपाशी झोपले, आणि सकाळी परत दोनशेच्या वर.

मग जे सुरू झालं ते काय सांगू. आधी माझ्या रात्रीच्या दोन भाकऱ्यांची एक झाली. मग एकीची अर्धी. मग तो म्हणाला रात्रीचं जेवणच बंद करू, नुसती काकडी खा. मी काकडी खाल्ली. आकडा हलंना. जेवढं जेवण कमी तेवढा माझ्यावरचा संशय जास्त, कारण पोटात काय गेलं न्हाय तर साखर आली कुठनं? त्याचा हिशेब सरळ होता. साखर तोंडातनं जाते, म्हणजे तोंड चोरटं हाय.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर कडीला कुलूप. रूपाली बाहेर उभी, पायाच्या नखाकडं बघत. म्हणाली, आई, पाण्याचा तांब्या तुमच्या खोलीत ठेवलाय, ह्यांनी सांगितलंय. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या घराच्या विटांवर मी हातानं पाणी मारलं त्या घरात मला कुलूप. मी ओरडून प्रसेनजीतला म्हटलं, अरे, शेजारी जेल हाय, तिथं जाऊन बघ जरा, तिथं बी माणसाला आधी कोर्टात उभं करतात. इथं वकील न्हाय, साक्षीदार न्हाय, सरळ कोठडीच. तो म्हणाला, मी तुझ्या भल्यासाठी करतोय. भल्यासाठी! ह्या शब्दानं घरात जेवढी माणसं छळली गेलीत तेवढी शिव्यांनी बी न्हाय.

तो का करत होता ते मला ठाऊक होतं, उगीच लेकरावर सगळं ढकलणार न्हाय. त्याचे थोरले काका साखरेनंच गेले. आधी पायाचा अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. प्रसेनजीतनं दवाखान्यात त्यांची ड्रेसिंग बघितलीत. तवापासनं त्याला आकड्याची धास्ती हाय. पण तुला धास्ती वाटते म्हणून मी चोर होत न्हाय, हे त्याला कोण सांगणार?

मालक कुलूप बघून काय बी बोलले न्हाईत. चष्मा पुसला, बाहेरच्या सोप्यात जाऊन बसले. मला त्याचं वाईट वाटलं न्हाय. चाळीस वर्षं संसार केलाय, मला आतबाहेर ओळखतात, त्यांना काय बोलायची गरज, असं माझं मन म्हणालं. सगळं घर उलटलं तरी हा एक माणूस माझ्या बाजूनं हाय, एवढ्याच आधारावर मी ते कुलूप सोसलं.

प्रसेनजीतनं मला त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडं नेलं. केबिनमध्ये मी तोंड उघडायच्या आत त्यानंच सगळं सांगितलं. पथ्य पाळत नाहीत, रात्रीचं खाणं सुटत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता मान हलवली आणि म्हणाले, आजी, जिभेवर ताबा ठेवा. मी म्हटलं, कुणाच्या? प्रसेनजीतनं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

हे सगळं घरात होतं तोवर मी गिळलं. भाद्रपद पौर्णिमेला ते चव्हाट्यावर आलं.

झालं असं. आमच्या विहारात बायकांना गोळा करणारी, सतरंज्या घालण्यापासनं खिरीच्या पातेल्यापर्यंत सगळं बघणारी बाई म्हणजे धोंडुबाई. वय झालंय, गुडघे गेलेत, पण आवाज अजून चौकापर्यंत जातो. त्या दिवशी पूजा झाल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, आश्विनी पौर्णिमेला वर्षावासाची सांगता हाय, भंतेजी दुसऱ्या गावी जाणार हायत, तवा त्या दिवशी सगळ्यांना शील आपल्या मीनाताईनं द्यावं. म्हणजे मी पुढं बसायचं, मी म्हणायचं, आणि सगळ्या विहारानं माझ्या मागनं म्हणायचं. ज्या आईनं मला त्रिशरण शिकवलं तिला कधी पुढं बसायला मिळालं नव्हतं.

बायकांनी माना हलवल्या. साधू साधू म्हणाल्या. आणि पुरुषांच्या बाजूनं माझा पोरगा उठला. सेक्रेटरी. हात जोडले, आणि शांत आवाजात म्हणाला, "आईकडून नको. मला सांगताना वाईट वाटतं, पण आई शील पाळत नाही. ती रात्री खाते आणि नाही म्हणते."

कुणी माझ्याकडं बघितलं न्हाय, आणि न बघणं हे बघण्यापेक्षा वाईट असतं. धोंडुबाई तेवढी म्हणाली, अरे, आई हाय ती तुझी. तो म्हणाला, म्हणूनच बोलतोय, घरच्या माणसाला वेगळा न्याय लावला तर सेक्रेटरी कशाला राहू? वा रे न्याय. मी उठले. जिच्या आवाजानं स्टँडवरचा गोंधळ थांबायचा तिचा आवाज गेला. मी चपला घातल्या आणि कळंब्याच्या रस्त्यानं चालत घरी आले. खाली मान घालून. त्या उतरणाऱ्या प्रवाशासारखी.

त्यानंतर मी प्रसेनजीतशी बोलणं टाकलं. बोट पुढं करायची, सुई टोचून घ्यायची, तोंड फिरवायची. पण नुसतं रुसून बसणारी बाई मी न्हाय. आठ-दहा दिवसांनी कुणाला न सांगता उठले, केएमटीची बस पकडली आणि राजारामपुरीत डॉक्टर वर्षाराणी मॅडमकडं गेले. आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरची लेक ती. डायबेटिसचंच शिकून आलीय, मोठी डिग्री. मी तिच्या समोर बसले आणि म्हटलं, मॅडम, मला औषध नंतर द्या. आधी एक सांगा. माणूस रात्रभर उपाशी असला तर सकाळी साखर वाढते का? व्हय का न्हाय, एका शब्दात.

ती म्हणाली, "हो. वाढते की."

मला तिथंच रडू फुटलं. डॉक्टरच्या टेबलावर डोकं टेकून रडले मी. तिनं पंख्याचा वेग वाढवला, पाणी दिलं, आणि मग सगळं समजावून सांगितलं. मावशी म्हणत होती मला. मी एकेक गोष्ट परत विचारून घेतली, कारण मला ती घरी जाऊन सांगायची होती.

ती म्हणाली, साखर तोंडातनंच येते असं न्हाय. आपलं लिव्हर, बरगडीखालचं, ते साखर साठवतं आणि लागेल तशी रक्तात सोडतं. साठा कमी पडला तर शरीरातल्या दुसऱ्या मालातनं नवीन साखर तयार करतं. रात्री आपण झोपतो तवा मेंदूला आणि काळजाला साखर कोण पुरवतं? लिव्हरच. आता किती सोडायची आणि कवा थांबायचं हे त्याला दोघं सांगतात. एक इन्सुलिन, ते सांगतं, बास, थांब, साठवून ठेव. दुसरं ग्लुकागॉन, ते सांगतं, सोड, माणूस उपाशी हाय. लिव्हरच्या प्रत्येक पेशीवर ह्या दोघांसाठी वेगवेगळे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा, असतात. निरोप त्या रिसेप्टरवर येतो आणि तिथनं पेशीच्या आत पोचतो. चांगल्या माणसात दोन्ही निरोप आत पोचतात, म्हणून तोल राहतो. तुमच्यात इन्सुलिन रिसेप्टरवर येऊन बसतं, पण निरोप आत जाता जाता विरतो. ग्लुकागॉनचा मात्र खणखणीत पोचतो.

मी म्हटलं, थांबा मॅडम, मला कळलं. आमच्या जुन्या गाडीत कंडक्टरची दोरी असायची. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. माझ्या गाडीत मी एक घंटी मारायला दोरी ओढतेय, पण ड्रायव्हरजवळ ती वाजतच न्हाय. दुसरा कोणतरी दोन मारतोय, ती तेवढी वाजते. मग गाडी थांबंल कशी?

मॅडम म्हणाली, तेच. आणि तुम्ही जेवढा वेळ उपाशी, तेवढी ती दुसरी घंटी जोरात. वर पहाटे शरीराला उठवायला आणखी दोन-तीन हार्मोन्स वाढतात, ती बी साखर सोडा म्हणूनच ओरडतात. म्हणून रात्रीचं जेवण बंद केल्यानं तुमचा सकाळचा आकडा खाली यायचा न्हाय. लिव्हरला गप्प करणारी गोळी रात्री घ्यायला पाहिजे, आणि रात्री थोडं जेवायला पाहिजे. तिनं चिठ्ठी लिहायला पेन उचललं.

मी तिचा हात धरला. म्हटलं, गोळी अमावास्येनंतर. आधी न्हाय. ती चिडली. म्हणाली, मावशी, हा काय पोरखेळ हाय? मी म्हटलं, पोरखेळ न्हाय, माझी अब्रू हाय. मला एकदा सगळ्यांच्या देखत उपाशी राहून हा आकडा दाखवायचाय. तुम्ही आत्ता गोळी दिली आणि आकडा उतरला तर माझा पोरगा म्हणणार, बघा, आईनं चोरून खायचं बंद केलं. मग मी आयुष्यभर सुधारलेली चोर.

तिला हे पटलं. म्हणाली, अमावास्या जवळ आलीय म्हणून ऐकते, न्हायतर ऐकलं नसतं. पण वचन घेतलं. भरपूर पाणी प्यायचं, आणि घाम फुटला, हात थरथरले तर शील बाजूला ठेवून तिथल्या तिथं साखर तोंडात टाकायची. मी म्हटलं, टाकीन, आणि सगळ्यांना सांगून टाकीन.

घरी येऊन मी अबोला मोडला आणि हे सगळं प्रसेनजीतला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि वर तोंड करून म्हणाला, लिव्हरचं मला माहीत आहे आई, रोज डॉक्टरांना तेच सांगतो. पण त्यानं थोडंफार वाढतं, एवढं नाही. मॅडमनी तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. मला वाटलं, हे पोरगं मशीनपेक्षा बी कोडगं झालं. ज्याला रिसेप्टर म्हणजे काय ते पाठ होतं त्याला आईचं तोंड वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, ठीक हाय. अमावास्येला मी विहारात राहणार. रात्रभर. सकाळी तुझं मशीन घेऊन ये, आणि ज्यांच्यासमोर बोललास त्यांना घेऊन ये.

मालक तिथंच बसलते. मी त्यांच्याकडं बघितलं. म्हणाले, "कर तुला पटंल तसं." मला त्यात शाबासकी ऐकू आली.

अमावास्येला सकाळी पांढरी साडी नेसून विहारात गेले. धोंडुबाई आणि आणखी दोघी-तिघी माझ्यासंगं राहायला आल्या. आल्या आल्या मी माझी पिशवी सतरंजीवर उपडी केली. लुगड्याची घडी, चष्मा, दात घासायचा ब्रश. धोंडुबाई रागावली, म्हणाली, भर ती पिशवी, आम्हाला लाजवतीस का? मी म्हटलं, तुम्हाला न्हाय, मला लाजवून झालंय, आता बघूनच घ्या. दुपारी बाराच्या आत सगळ्यांच्या पंक्तीत जेवले, तोंड खळाळून धुतलं. ग्रंथवाचन झालं. संध्याकाळी पोटात कावळे ओरडायला लागले तवा पाणी प्यायले. रात्रीचं सांगण्यासारखं काय न्हाय. आतनं कडी घातली, झोप लागली न लागली, उजाडलं.

सकाळी विहार भरला. नेहमीपेक्षा माणसं जास्त. माझी साखर बघायला एवढी माणसं, माझ्या रिटायरमेंटला बी आली नव्हती. प्रसेनजीत मशीन घेऊन आला. त्याचे डोळे सुजलेले होते. धोंडुबाईनं त्याला माझ्या बोटाला हात लावू दिला न्हाय. शेजारची एक नर्स पोरगी होती, तिच्याकडनं सुई टोचून घेतली. मशीननं आकडा दाखवला आणि नर्सनं तो मोठ्यानं वाचला. दोनशे एकोणीस.

कुणीतरी हळूच, अगं बया, म्हटलं. मी प्रसेनजीतकडं बघत होते. त्याचा चेहरा उतरला, सावरला, परत उतरला. आणि तरी त्या पठ्ठ्यानं विचारलं, रात्री सगळ्यांना झोप लागली असेल ना? धोंडुबाईला लागलीच होती. घोरत होती ती. बाकीच्या बी खाली बघायला लागल्या. मी मनात म्हटलं, संपलं. आता ह्यातनं सुटका न्हाय. माणसाला खरं ठरायला अजून करायला तरी काय पाहिजे?

तवा मागनं आमचे मालक उठले. आयुष्यात विहारात उभं राहून कधी बोलले नव्हते. टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "मी जागा होतो. रात्रभर दाराबाहेर बसलो होतो. दार उघडलं न्हाय, आत कोण गेलं न्हाय, बाहेर कोण आलं न्हाय. मीनानं काय खाल्लं न्हाय."

त्यांच्या शब्दाला विहारात मान हाय. कमी बोलणाऱ्या माणसाच्या शब्दाला असतोच. धोंडुबाईनं कपाळाला हात लावला आणि मोठ्यानं साधू साधू म्हणाली, मग सगळ्यांनीच म्हटलं. प्रसेनजीत पुढं आला. माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिथनंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आई खोटं बोलली नव्हती, मी बोललो. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पायावर पडलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. राग होता, पण हात ठेवला. तो जिथं बोलला होता तिथंच त्यानं मागं घेतलं, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. काकांचा पाय बघून भ्यालेलं पोर ते. धोंडुबाईनं जाहीर केलं, आश्विनी पौर्णिमेला शील मीनाताईच देणार. कुणीतरी खिरीची वाटी पुढं केली. मी म्हटलं, मला दोन घास भाताचेच द्या.

बाहेर आले तर मालक पायरीवर माझ्या चपला सरळ करून ठेवत होते. डोळे लाल, जागरणानं तोंड ओढलेलं. दारापाशी त्यांची घोंगडी अजून पडलेली होती. मला इतकं भरून आलं. मी विचारलं, तुम्हाला बसायला कुणी सांगितलं होतं? म्हणाले, कुणी न्हाय, माझं मीच. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. म्हटलं, कशाला बसलात?

त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. जवळ कुणी नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, आयुष्यात इतक्या मायेनं कधी बोलले नसतील तसं म्हणाले, "तू बाहेर आली असतीस तरी मी कुणाला सांगितलं नसतं, मीना."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं मला बरं वाटलं. हसले.

म्हणजे कुलूप लागलं तवा हा माणूस गप्प बसला तो माझ्यावर विश्वास होता म्हणून न्हाय. मी चोरून खाते हे त्यालाबी पटलं होतं. फक्त त्यानं ते पोटात घातलं होतं. माझ्यासाठी सगळ्या विहारासमोर खोटं बोलायची त्याची तयारी होती, आणि मी खरी हाय हे त्याच्या मनात एकदा बी आलं न्हाय. पोरानं चारचौघांत चोर म्हटलं, ते चारचौघांत धुतलं गेलं. ह्यांनी तर कधी म्हटलंच नव्हतं. मग आता मी ह्यांना कुठलं मशीन दाखवू?

शिवी एक बी सापडंना. मी चपला घातल्या, खांद्यावरचा त्यांचा हात काढला आणि म्हटलं, "घरी चला. मला रात्रीची गोळी आणायचीय." ते माझ्या मागनं चालायला लागले. वाटेत विचारत होते, काय झालं, आता तर सगळं नीट झालं की.